आधी टिचकी, मग रीडिंग

मंडळी, या धाग्यावर मी आजवर फक्त लोकांना छळायला येत होते. कुणी लिहिलं की बंद पंखा आपोआप फिरला, तर खाली "कपॅसिटर बघून घ्या" असं टाकून पसार होणारी ती मीच. कुणाच्या मृत मावशीच्या साडीचा वास आला तर "कपाट उघडं राहिलं असेल" हेही मीच लिहिलं होतं. त्या ताईंची आज जाहीर माफी मागते.

मी चाकणला एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये आहे. एकोणीस वर्षं झाली. आसपासच्या कंपन्यांतले प्रेशर गेज, व्हॅक्यूम गेज आमच्याकडे तपासायला येतात. काटा खरं सांगतो की थापा मारतो, हे ठरवायचं आणि वर स्टिकर लावायचा... हिरवा म्हणजे चांगलं, लाल म्हणजे बाद. दिवसभर हेच. त्यामुळे भूत, संकेत, शक्ती वगैरे सगळ्याला माझ्याकडे एकच नाव होतं — इन्स्ट्रुमेंट एरर. घरी देव आहेत, दिवा लागतो, पण तो सासूबाईंच्या शब्दाखातर.

तरी लिहितेय. कारण आठ महिने झाले, आणि हा एरर कुठून आला ते मला सापडलेलं नाही.

आमचं घर पिंपळे सौदागरला, सोसायटीत आठव्या मजल्यावर. हॉल, दोन बेडरूम आणि बिल्डरने "स्टडी" म्हणून गळ्यात मारलेली एक खोली, जिच्यात एक माणूस आणि एक टेबल मावतं. त्या खोलीत मी आणि आबांनी मिळून विमान बांधलं. हसू नका. कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात तो गेम मी कॉलेजपासून खेळते. त्यातलं दुसऱ्या महायुद्धातलं एकाच माणसाचं पंख्याचं लढाऊ विमान माझं लाडकं. आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर आमच्याकडे राहायला आले आणि एक दिवस मागे उभे राहून बघता बघता त्यात अडकले. प्लायवूडचं पॅनल त्यांनी कापलं, स्विच मी जोडले, खुर्ची एका जुन्या जीपची. नवरा, विलास, कुणी पाहुणे आले की त्या खोलीचं दार ओढून घ्यायचा.

आबा मूळचे लातूरकडचे. तरुणपणी पिंपरीत आले आणि निवृत्त होईपर्यंत एकाच कंपनीत गेज तपासायच्या शेवटच्या टेबलावर बसले. आयुष्यात खऱ्या विमानात पाय ठेवला नाही. पण कॉकपिटमधल्या डायल्सवर त्यांचं मत विचाराल तर दोन तास गेले समजा. सिम्युलेटरवाल्यांमध्ये रिअ‍ॅलिझमवरून कायम मारामाऱ्या चालतात... अमुक विमानाचं तापमान असं चढत नाही, तमुक होकायंत्र वळताना इतकं डुलत नाही. आबांची तक्रार त्या सगळ्यांपेक्षा वेगळी होती.

"तुझ्या गेमातला काटा खोटा हाय बाई," ते म्हणायचे.

"का? आकडा बरोबर दाखवतो की."

"बरोबर दाखवतो म्हणूनच खोटा. खरा काटा अडकतो. वंगण सुकतं, धूळ बसते, कधी कधी नुस्ता आळस करतो. त्याला टिचकी मारावी लागते. मग तो जागा होतो न् खरं बोलतो."

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. काट्याचं गेज वाचायच्या आधी काचेवर बोटाने हलकी टिचकी मारतात. घर्षणाने कुठे थबकला असेल तर काटा सुटतो आणि मग जिथे थांबतो ते खरं रीडिंग. आमच्या लॅबमध्ये ही प्रोसिजरची पायरीच आहे. मला ती आबांनी सातवीत असताना शिकवली, कंपनीतून आणलेल्या एका बाद गेजवर. "आधी टिचकी, मग रीडिंग." घाईने मी तसंच वाचलं की बोटावर पट्टी बसायची.

खरा काटा हवा म्हणून ते एकदा चिखलीच्या भंगारवाल्यांकडे गेले आणि संध्याकाळी पिशवीतून एक खराखुरा अल्टिमीटर काढला. कुठल्या विमानाचा कोण जाणे. अल्टिमीटर म्हणजे उंची दाखवणारं घड्याळ. आत पितळेची एक पोकळ डबी असते. वर गेलं की हवेचा दाब कमी होतो, डबी फुगते, काटा सरकतो. आबांनी तो टेबलावर उघडला आणि पाच मिनिटांत मान हलवली. डबीला चीर गेली होती. त्यांनी चिरेच्या शेजारी माझ्या नेलपॉलिशने लाल ठिपका दिला, जसा ते कंपनीत द्यायचे, आणि झाकण लावलं.

"मेलंय बाई हे. पण बघ कुठं मेलंय."

काटा एकोणीसशे फुटांवर अडकलेला होता. समुद्रसपाटीपासून आमचं घर साधारण तेवढ्याच उंचीवर आहे. आबांना त्याचं फार कौतुक वाटलं. "घरी येऊन मेलंय," म्हणाले. मग आम्ही तो पॅनलच्या मधोमध बसवला. शोभेला. त्याला वायर नाही, मोटर नाही, कॉम्प्युटरशी काही संबंध नाही. हे नीट लक्षात ठेवा.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. हॉस्पिटलमधून घरी आले ते आमचे आबा नव्हतेच. डोळे उघडे, पण बघतायत कुणाकडे ते कळायचं नाही. स्पीच थेरपीवाली मुलगी रोज माझा फोटो दाखवून विचारायची, "आबा, ही कोण?" आबा भिंतीकडे बघायचे. फिजिओथेरपिस्टने हात हलवला की हलायचा, सोडला की पडायचा. डॉक्टर म्हणाले, मेंदूला जितकी इजा आहे त्या मानाने सुधारणा व्हायला हवी होती, पण ते प्रतिसादच देत नाहीत. पाच महिने असेच गेले.

मी खोटं बोलणार नाही. मी दमले होते. माझी चाकणची बस सकाळी पावणेसातला, विलासच्या शिफ्ट बदलत्या, सांभाळायला ठेवलेल्या दोन बायका सोडून गेल्या. मी आबांवर ओरडायलाही लागले होते. एकदा भात भरवताना तोंड मिटून घेतलं म्हणून मी चमचा ताटात आपटला आणि म्हणाले, "आहात की नाही आत? तेवढं तरी सांगा." सांगणार कसे ते? तो चमचा मला अजून ऐकू येतो.

शेवटी मारुंजीला एक केअर सेंटर बघितलं. चांगलं होतं, स्वच्छ होतं, नर्स प्रेमळ होत्या. होळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी आबांना तिथे ठेवायचं ठरलं. विलास एकदाच म्हणाला, "सुजा, तिथे गेल्यावर ते परत येतील असं मला वाटत नाही." मी म्हणाले, "इथे तरी कुठे आहेत?"

आदल्या रविवारी सकाळी मी फॉर्म भरला. त्यात एक रकाना होता. "रुग्ण बोलण्यास अथवा स्पर्शास प्रतिसाद देतो का?" मी लिहिलं, "नाही." खाली सही केली. आणि तो कागद हातात धरूनच स्टडीत जाऊन बसले, कारण हॉलमध्ये विलास आबांचे सदरे घडी करून बॅगेत भरत होता आणि मला ते बघवत नव्हतं.

शेवटचं एकदा आबांना शेजारी बसवून उडवावं असं वाटलं मला. व्हीलचेअर दारापर्यंत आणली, इंजिन चालू केलं. आबांनी मान भिंतीकडे फिरवली. मग विलासने त्यांना परत हॉलमधल्या कॉटवर नेऊन निजवलं, आणि मी एकटीच उडायला बसले. हेडफोन मी लावत नाही. दार उघडं होतं.

सकाळचे अकरा वाजले असतील. उन्हाळा नुकता लागलेला. आमच्या बाल्कनीतून त्या वेळी काही दिसत नाही, नुसता पांढुरका धुरळा असतो, पलीकडच्या इमारती त्यात अर्ध्या विरघळलेल्या. पडदा उडत होता. मी धावपट्टी सोडली आणि दोन मिनिटांत गेममधल्या ढगांत शिरले.

ढगात उडताना काय होतं ते उडवणाऱ्यांनाच कळेल. वर-खाली काही उरत नाही. पडद्यावर पांढरं, खिडकीत पांढरं, भिंती पांढऱ्या. इंजिनाचा एकच सूर, हातातली दांडी जरा थरथरणारी. मला वाटायला लागलं की ही खोलीच तरंगतेय. सोसायटीपासून सुटून हळूहळू कुठेतरी चाललीय, हॉलसकट, आबांच्या कॉटसकट. फार बरं वाटत होतं. सोमवार कधी येऊच नये असं वाटत होतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मी रडत होते बहुतेक, कारण पडद्यावरचे आकडे पुसट दिसत होते.

पडद्यावरचा अल्टिमीटर सेहेचाळीसशे फूट म्हणत होता. पुढचे डोंगर चार हजारांचे. म्हणजे निवांत.

मग माझी नजर खाली गेली. पॅनलवरच्या त्या मेलेल्या घड्याळाकडे.

काटा एकोणीसशेवर नव्हता. सदतीसशेवर होता.

मी घाबरले नाही हो. खरंच नाही. स्वप्नात घरात अचानक एक जास्तीची खोली सापडते आणि आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही, तसं झालं. मी एक हात सोडला आणि सवयीने काचेवर टिचकी मारली. काटा थरथरला आणि तिथेच थांबला. मी दांडी जरा ओढली, काटा वर सरकला. सैल सोडली, खाली आला. माझ्याबरोबर उडत होता तो. मला इतका आनंद झाला की काय सांगू... आबांना हाक मारावी असं वाटलं, आणि मग आठवलं.

तेवढ्यात दुसरी टिचकी वाजली.

माझी नव्हती. माझे दोन्ही हात दांडीवर होते. काचेवर वाजली, माझ्यासमोर, हातभर अंतरावर. आबांची टिचकी मी हजारात ओळखेन. मधल्या बोटाच्या नखाची, कोरडी, एकच. काटा सुटला आणि छत्तीसशेवर येऊन थांबला.

आणि माझी ट्यूब पेटली. दाब. उडायच्या आधी त्या दिवशीच्या हवेचा दाब अल्टिमीटरला एका छोट्या बटणाने लावून द्यावा लागतो. गेममध्ये वादळी हवा होती, दाब फार कमी, आणि दाब कमी म्हणजे काट्याला वाटतं आपण फार वर आहोत. मी बटण फिरवायला विसरले होते. म्हणजे पडद्यावरचा काटा मला जवळजवळ हजार फूट खोटी उंची सांगत होता आणि मी सरळ डोंगरात निघाले होते. जी दिवसभर दुसऱ्यांची गेज नापास करते, ती मी, शून्य न लावता रीडिंग वाचत बसले होते.

दांडी पोटाशी ओढली. ढग फाटला. झाडं... हिरवी काळी झाडं, इतकी जवळ की फांद्या दिसल्या, आणि मग निळं आभाळ.

हॉलमधून विलासची हाक आली. "सुजा. सुजा, इकडे ये." ओरडला नाही. हळूच बोलला, झोपलेलं मूल उठू नये तसा.

आबा कॉटवर उताणे होते, डोळे मिटलेले. उजवा हात, पाच महिने पोत्यासारखा पडलेला तो हात, चादरीवरून वीतभर वर उचललेला होता. मधलं बोट अंगठ्याला टेकलेलं.

"आत्ता हवेत टिचकी मारली त्यांनी," विलास म्हणाला. "दोनदा. मध्ये जरा थांबून."

"आवाज आला?"

"हवेत मारल्यावर कसला आवाज येतोय?"

मी कॉटजवळ बसले आणि तो हात धरला. गरम होता. आबांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे, भिंतीकडे नाही. ओठ वाकडे झाले, घशातून काहीतरी घासत वर आलं.

"आ... आधी..."

मला पुढचं येत होतं. सातवीपासून येत होतं. पण मी ओठ चावून धरला. त्यांचं त्यांना म्हणू दिलं.

"...टि... चकी."

त्या दिवशी मी किती रडले ते लिहीत नाही. रडून झाल्यावर स्टडीतून तो फॉर्म आणला. आमच्या कामात रीडिंग चुकीचं लिहिलं गेलं तर गिरवायचं नसतं, पांढरी शाई लावायची नसते. एका रेघेने खोडायचं, बाजूला बरोबर लिहायचं, सही करायची. म्हणजे चूक कुणाची ते दिसत राहतं. मी "नाही" एका रेघेने खोडलं, शेजारी "होय" लिहिलं आणि सही केली. विलासने बॅगेतले सदरे परत कपाटात ठेवले. केअर सेंटरच्या बाई फोनवर म्हणाल्या, "बरं झालं ताई."

आता तुम्ही म्हणाल त्याच्या आधी मीच म्हणते. थकवा होता, अपराधी वाटत होतं, डोळ्यांत पाणी होतं. मान्य. म्हणून मंगळवारी मी तो अल्टिमीटर पॅनलमधून काढला आणि लॅबमध्ये नेला. तो पॅनलमधून निघाला तेव्हा काटा एकोणीसशेवरच होता. आमच्याकडचा गणेश हाताने फार चांगला आहे. त्याने तो काचेच्या बंद भांड्यात ठेवून हवा काढली. तीन हजार फुटांइतकी, पाच हजार, दहा हजार. काटा ढिम्म.

"मॅडम, हे तर कधीच गचकलंय राव. कुठून आणलं?"

झाकण उघडलं. डबीला चीर तशीच, शेजारी माझ्या नेलपॉलिशचा ठिपका. तीनदा तपासलं, तिन्ही वेळा तेच. गेममध्ये प्रत्येक उड्डाणाची नोंद राहते, तीही मी बघितली. पडद्यावरची उंची सेहेचाळीसशे आणि मग पंचेचाळीसशे; खरी उंची सदतीसशे आणि मग छत्तीसशे. विमान आणि झाडं यांच्यात उरलेलं अंतर साठ फूट. काट्याचा फोटो? नाही. हात मोकळे नव्हते. म्हणजे पुरावा शून्य, ही गोष्ट मी दुसऱ्या कुणाच्या रिपोर्टवर चालवून घेतली नसती.

आबांचं बोलणं हळूहळू येत गेलं. अजूनही शब्द मोजके आहेत, पण चमचा उजव्या हाताने धरतात. गणपतीच्या सुमारास एकदा मी धीर करून विचारलं, "आबा, त्या रविवारी काय झालं होतं?"

आबा शब्द जुळवत राहिले. मग म्हणाले, "पांढरं... पांढरं होतं सगळं. लई दिवस. तू पुढं होतीस. मी मागं."

"आबा, एका माणसाचं विमान आहे ते. मागे सीट नसते त्याला."

"होती," आबा म्हणाले, आणि वैतागून माझ्याकडे बघितलं. जुनं, पट्टीवालं बघणं. मी वाद घातला नाही.

आता शेवटचं. तपासलेलं आणि नापास झालेलं उपकरण लाल स्टिकरशिवाय ठेवता येत नाही, आमच्याकडे हा गुन्हा आहे. सवय जात नाही म्हणून मी लॅबमधून एक लाल स्टिकर आणला. परवाच्या रविवारी अल्टिमीटर पुन्हा पॅनलमध्ये बसवला, स्टिकरवर तारीख घातली, मागचा कागद सोलला. आबा शेजारी व्हीलचेअरवर होते. त्यांनी उजवा हात उचलला, हळूहळू, मध्ये दोनदा थांबत, आणि काचेवर पंजा ठेवला.

"आधी टिचकी."

मी टिचकी मारली. काटा हलला नाही. पुन्हा मारली. नाही हलला.

"बघा आबा. मेलंय ते. एकोणीसशेवरच आहे."

आबा काचेवर वाकले. वाकडं तोंड करून हसले.

"मग बरोबर हाय की," म्हणाले. "घरी हाय."